रिद्धपूरच्या म्हाताऱ्यांनी अंतराळात का जाऊ नये?

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या हिवाळ्यात अकोल्यातल्या एका शाळेनं आपलं वार्षिक हस्तलिखित ‘अभिजात मराठी’ या विषयावर काढायचं ठरवलं. माझी भाची तेव्हा त्या शाळेत नववीत होती. बाकीच्या मुलांनी ज्ञानेश्वर, तुकाराम, ‘माझी मायबोली’ असे निबंध दिले. हिनं आठ पानांची विज्ञानकथा दिली.

कथा अशी. पृथ्वी सोडून निघालेल्या एका जहाजावर हल्ला होतो आणि जहाजाचा सगळा साठा पुसला जातो. नकाशे, औषधं, गाणी, कोण कुणाचं कोण, सगळं. उरते एक म्हातारी, जिला ते सारं पाठ आहे. ती खालच्या मजल्यावर, कचरा निवडणाऱ्यांच्या वस्तीत राहते आणि वऱ्हाडी बोलते. कप्तानाला तिची माहिती हवी आहे, पण ‘नीट’ भाषेत. पंधरा वर्षांची एक मुलगी म्हातारीसमोर बसते आणि ती जसं बोलते तसंच लिहून घेते.

शाळेत कथा स्वीकारली गेली, पण लाल शाईनं तीन ठिकाणी दुरुस्त होऊन. म्हातारीचे संवाद प्रमाण मराठीत आले. जहाजावर मुलींना महिन्यातले चार दिवस ग्रंथघरात यायला बंदी असते आणि म्हातारी त्या बंदीची खिल्ली उडवते, ते पान पूर्ण कापलं गेलं. आणि खालच्या मजल्यावर फिरणारा एक वेडा, ज्याला सगळे आई पण म्हणतात आणि बाप पण म्हणतात, जो कचरा निवडणाऱ्यांच्या ताटात जेवतो, त्याचं ‘गरिबांना मदत करणारे एक साधू’ झालं. शेवटी शेरा: ‘कल्पना छान, पण काही भाग शालेय अंकास अनुरूप नाही.’

हे तिन्ही भाग भाचीनं स्वतःच्या डोक्यातून काढलेले नव्हते. तिन्हींचं मूळ तेराव्या शतकात आहे, आणि तेही आमच्याच अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला. ज्या ग्रंथांच्या आधारावर आपण मराठीचं जुनेपण छाती फुगवून सांगतो, त्यांतलंच ते आहे. म्हणजे अभिजात मराठीचा उत्सव करताना अभिजात मराठीच कापली गेली, आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

मी व्यवसायानं सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, साहित्याचा अभ्यासक नाही. पण हा लेख मला लिहावासा वाटला, कारण ही गोष्ट मी दोन-चार जणांना सांगितली तेव्हा सुशिक्षित, वाचणाऱ्या माणसांकडून जे उत्तर आलं ते शाळेच्या शेऱ्यापेक्षा वाईट होतं. ‘हे सगळं इंग्रजीतून आलेलं खूळ आहे. तिकडे हल्ली प्रत्येक जुन्या कथेत सगळ्यांना घुसवतात. आपली पोरं तेच वाचतात आणि तेच लिहितात.’

त्यातला एक भाग खरा आहे. भाचीनं ‘वन्स अँड फ्यूचर’ वाचली होती. ए. आर. कॅपेटा आणि कोरी मॅकार्थी यांची २०१९ सालची ही किशोर कादंबरी. त्यात आर्थर राजाचा बेचाळिसावा जन्म होतो आणि या खेपेला तो मुलगी म्हणून, अंतराळात. मर्लिन उलट्या दिशेनं वय घटत घटत सतरा वर्षांचा पोरगा झालेला आहे. शत्रू आहे अख्ख्या विश्वाचा बाजार ताब्यात घेतलेली एक कंपनी. प्रेमं मुलींची मुलींशी आहेत, मुलांची मुलांशी आहेत, आणि त्यावर कुणी भाषण देत नाही. पुस्तक पोरीला आवडलं. मलाही आवडलं, मधला भाग जरा घाईत उरकलेला वाटला तरी.

आता या ‘घुसवण्या’चं बघू. आर्थरच्या दरबारात बाहेरच्यांना आजच्या लेखकांनी घुसवलं का? बाराव्या शतकात मॉनमथच्या जेफ्रीनं आर्थरचा ‘इतिहास’ लिहिला, त्यात लान्सलॉट नाहीच. तो काही दशकांनी क्रेतियाँ द त्र्वा या फ्रेंच कवीनं आणला. ज्याच्याशिवाय आज आर्थरची कथा सांगताच येत नाही, तो वीर मुळात नंतरची भर आहे. तेराव्या शतकातल्या एका डच काव्याचा नायक मोरियन हा काळ्या वर्णाचा सरदार आहे. त्याच शतकातलं ‘सिलन्स’ हे फ्रेंच काव्य मुलगा म्हणून वाढवलेल्या मुलीचं आहे. पॅलामिडीज हा सारासेन सरदार तर मॅलरीच्या, १४८५ साली छापलेल्या ग्रंथात ठळक उभा आहे. म्हणजे ही माणसं मध्ययुगातच दरबारात होती. पुढच्या काळातल्या शाळांनी, चित्रकारांनी आणि सिनेमांनी त्यांना बाहेर काढलं, आणि मग उरलेल्या गोऱ्या पुरुषांच्या टेबलाला ‘मूळ कथा’ असं नाव दिलं.

माझं म्हणणं एवढंच आहे. जुन्या कथेचं समावेशक पुनर्कथन म्हणजे कथेत नव्या माणसांची भरती नव्हे. बहुतेक वेळा ती आपणच हुसकावलेल्यांची घरवापसी असते. हे आर्थरच्या बाबतीत थोडं ताणून सिद्ध करावं लागतं. रिद्धपूरच्या बाबतीत ते पानापानावर आहे.

ज्यांनी हे शाळेत एका ओळीत उरकलं असेल, त्यांच्यासाठी थोडक्यात. चक्रधरस्वामी महानुभाव पंथाचे प्रवर्तक. ‘लीळाचरित्र’ हा त्यांच्या आठवणींचा ग्रंथ, म्हाइंभटांनी इ. स. १२७८च्या सुमारास रिद्धपूरला सिद्ध केला. मराठीतलं हे पहिलं चरित्र आणि मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ. त्यात सांगितलेली चक्रधरांच्या अवताराची कथा अशी आहे: द्वारावतीला चांगदेव राऊळ नावाचे एक सत्पुरुष होते, खराटा आणि सूप घेऊन रस्ते झाडणारे. त्यांनी देह ठेवला. त्याच वेळी गुजरातेत भडोचच्या प्रधानाचा मुलगा हरपाळदेव मरण पावला होता. त्याला स्मशानात नेलं आणि तो उठून बसला. देह हरपाळदेवाचा, आत चांगदेव राऊळ. पुढे हा राजपुत्र रामटेकच्या यात्रेला म्हणून निघाला आणि वाटेत रिद्धपूरला गोविंदप्रभूंना भेटला. राजपुत्रपण तिथंच संपलं. मग सालबर्डीच्या डोंगरात एकांत. शिकारी कुत्र्यांपुढे पळणारा ससा त्यांच्या मांडीखाली येऊन लपला आणि वाचला, ती लीळा तिथल्या आसपासची पोरं आजही सांगतात.

आता गोविंदप्रभू, ज्यांना गुंडम राऊळ म्हणत. रिद्धपूरच्या रस्त्यांवर फिरणारे, कुणाच्याही घरात शिरणारे, मनात आलं की दुकानातलं उचलून खाणारे. गाव त्यांना वेडंही म्हणे आणि देवही म्हणे. आईही म्हणे आणि बापही म्हणे. ते महारामांगांच्या घरी जात, त्यांच्याकडे जेवत, आणि वरच्या आळीतली माणसं त्यावर कुरकुर करत. आजची निदानं त्यांच्यावर चिकटवण्याची गरज नाही. लक्षात घ्यायचं ते हे, की एका गावानं अशा माणसाला साखळीनं बांधलं नाही, त्याच्याभोवती आपलं रोजचं जगणं मांडलं, आणि पुढे त्याचं सविस्तर चरित्र लिहून ठेवलं. अॅन फेल्डहाउस यांनी ते १९८४ साली इंग्रजीत नेलं. आमच्या पोरांच्या पाठ्यपुस्तकात मात्र ते मी कधी पाहिलं नाही.

आणि महदाइसा, म्हणजेच महदंबा. बालविधवा. मराठीतली पहिली ज्ञात कवयित्री. गोविंदप्रभूंच्या विवाहाचा सोहळा रिद्धपूरला मांडला गेला, तेव्हा तिनं रुक्मिणी-कृष्णाच्या लग्नाचे धवळे रचले. रुक्मिणी म्हणजे आमच्याच कौंडिण्यपूरची. लीळाचरित्रात महदाइसा सतत प्रश्न विचारताना दिसते. एवढे, की चक्रधर तिच्या या जिज्ञासेचं कौतुक करतात. विटाळाचा प्रश्न निघतो तेव्हा उत्तर सरळ आहे: शरीराला जशी बाकीची द्वारं आहेत आणि त्यांतून मळ बाहेर येतो, तसंच हेही. त्यात पाप नाही, भिण्यासारखं काही नाही.

हेच ते कापलेलं पान. साडेसातशे वर्षांपूर्वी जे बोलता आलं, लिहिता आलं, जपता आलं, ते अकोल्यातल्या नववीच्या मुलीच्या वहीत राहू शकलं नाही.

एक गोष्ट कबूल करतो, नाहीतर उद्या कुणी तरी माझ्या तोंडावर फेकेल. लीळाचरित्र हा एकविसाव्या शतकाचा जाहीरनामा नाही. तो संन्याशांच्या पंथाचा ग्रंथ आहे. त्यात स्त्री-पुरुषांनी एकमेकांपासून कसं दूर राहावं याचे कडक नियम आहेत. जात ओलांडणारी माणसं त्यात आहेत, तशी जातीला चिकटलेलीही आहेत, आणि दोन्ही एकाच पंगतीत बसतात. पण दंतकथेकडून मला निर्दोषपणा नकोच आहे. मला हवी आहे ती गर्दी. त्या ग्रंथात गर्दी आहे: विधवा, जुगारी, विद्वान, चोर, राजे, भिकारी, भांडणाऱ्या बाया, रडणारी मुलं. आपण शाळेत पोचवेपर्यंत त्यांतले दोन-तीन पुरुष उरतात आणि ते सगळे उपदेश करत असतात.

ही गर्दी मलाही आधी दिसली नव्हती, हे सांगायला हवं. अमरावतीला इंजिनिअरिंगला असताना मी पहिल्यांदा हे वाचलं आणि मला दिसली ती यंत्रं. परकायाप्रवेश म्हणजे जाणिवेची एका शरीरातून दुसऱ्या शरीरात रवानगी. महानुभावांच्या सकळा, सुंदरी वगैरे सांकेतिक लिप्या, ज्यांच्यामुळे या पोथ्या कित्येक शतकं बाहेरच्यांना वाचताच आल्या नाहीत आणि विसाव्या शतकात राजवाड्यांसारख्यांना सकळेची किल्ली शोधावी लागली. म्हणजे एन्क्रिप्शन! मी वेडा झालो. एका सुट्टीत किशोर कादंबरी लिहायला घेतली. नायक पुण्यातला इंजिनिअर. त्याचा एक मुसलमान मित्र, एक व्हीलचेअरवरची हुशार मैत्रीण, आणि एक दलित मुलगा, जो तिसाव्या पानावर नायकाला धडा शिकवून मरतो. यादी पूर्ण. मी फार समावेशक लिहितोय असं मला वाटत होतं.

मी राहायचो त्या घराच्या शेजारच्या काकू महानुभाव होत्या. त्यांना मी मोठ्या हौसेनं कथानक ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, “बापा, तुह्या गोष्टीत देवाचं मशीन झालं, ते एकवेळ चालून जाईन. पन बाया कोठी गेल्या सगळ्या?”

ती कादंबरी मी पुढे लिहिली नाही. काकूंच्या प्रश्नानं मला दोन गोष्टी शिकवल्या, आणि त्या मी आता ज्यांच्याशी भांडतोय त्यांच्यासाठीही आहेत.

पहिली, यादीवाल्यांसाठी, म्हणजे माझ्यासारख्यांसाठी. समावेशकता म्हणजे ‘शोधा आणि बदला’ नव्हे. नायकाच्या जागी नायिका, तलवारीच्या जागी लेझर, गावाच्या जागी ग्रह, असं केलं की कथेचा आराखडा जुनाच राहतो आणि त्यात रंगीत माणसं बसतात. खरा बदल होतो तो कथा कुणाच्या डोळ्यांतून दिसते तिथं. परकायाप्रवेश माझ्यासाठी चमत्कार होता. भाचीला मी ती कथा सांगितली तेव्हा तिनं विचारलं, “मंग त्या हरपाळदेवाच्या बायकोचं काय झालं? तिले कोनी सांगतलं का, का हा तुहा नवरा नाई म्हनून?” हरपाळदेवाला बायको होती. कमळाइसा तिचं नाव. जुगारात हरलेले पैसे चुकवायला नवऱ्यानं दागिने मागितले तेव्हा तिनं नाही म्हटलं, एवढंच आपण वाचतो, आणि नवऱ्याच्या वैराग्याकडे वळतो. पंधरा वर्षांच्या मुलीनं बोट बरोबर जिथं कथा उघडते तिथं ठेवलं. ज्याच्यावर तिनं जीव लावला, त्याच्या शरीरात कोण आहे हे तिला माहीत नाही. जगातल्या कुठल्याही विज्ञानकथेला पुरेल असा हा प्रश्न आहे. मला तो दहा वर्षांत पडला नाही.

दुसरी गोष्ट, श्रद्धेची. आर्थरला आज कुणी नैवेद्य दाखवत नाही. चक्रधरस्वामी आणि गोविंदप्रभू लाखो लोकांचे देव आहेत, रिद्धपूर त्यांचं तीर्थ आहे. तेव्हा ‘इंग्रजीत चालतं मग इथं का नाही’ हा युक्तिवाद लंगडा आहे. इथं कुणाच्या तरी देवघरात पाऊल टाकायचं आहे, चप्पल बाहेर काढून. पण त्यातून ‘म्हणून हातच लावू नका’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांना माझं सांगणं आहे की नायक म्हणून देवच कशाला हवा? लीळाचरित्रात देवाइतकीच भरून राहिली आहेत ती त्याच्याभोवतीची माणसं. आणि किशोरवयीन वाचकासाठी सगळ्यात थरारक कथा तर देव निघून गेल्यानंतर सुरू होते.

ती कथा अशी. चक्रधर गेले. मागे राहिलेले सगळे शोकात. म्हाइंभटांनी ठरवलं की आठवणी गोळा करायच्या. ज्यानं जे पाहिलं ते त्याच्याकडूनच ऐकायचं, ऐकीव गोष्ट पुन्हा पारखायची. त्यासाठी ते माणसामाणसाकडे गेले. शेतात काम करणाऱ्याच्या मागे मागे चालत त्याच्याकडून ऐकल्याच्या हकिकती परंपरेत आहेत. ग्रंथ तयार झाला. मग परंपरा सांगते, सुलतानी फौजांच्या धामधुमीत मूळ पोथी गेली. नष्ट. माझ्या धंद्यात याला काय म्हणतात ते सांगायला नको. उरला तो लोकांच्या डोक्यातला पाठ. हिराइसा नावाच्या बाईला तो मुखोद्गत होता, तिचा पाठ पुढे महत्त्वाचा मानला गेला. इतरांचेही पाठ होते, आणि ते जुळत नव्हते.

या लोकांनी तेव्हा जे केलं त्यापुढे मी, रोज गिट वापरणारा माणूस, हात जोडतो. त्यांनी एक पाठ खरा आणि बाकीचे खोटे असं करून फाडून टाकले नाहीत. लीळेत जिथं कुणाला वेगळं आठवत होतं, तिथं ते ‘वासना’ म्हणून नोंदवलं. आज या शब्दाचा अर्थ भलताच झालाय, नववीचा वर्ग तो ऐकून खिदळतो. तिथं त्याचा अर्थ आहे वेगळी आठवण, दुसरा पाठ. एकाला असं आठवतं, दुसरीला तसं, दोन्ही ठेवा. आमच्याकडे दोन जणांनी एकाच ओळीत वेगवेगळे बदल केले की कॉन्फ्लिक्ट येतो आणि बहुतेक वेळा कुणा एकाची ओळ उडवली जाते. यांनी शोकात बुडालेले असतानाही कुणाची ओळ उडवली नाही.

भाचीच्या कथेचा कणा हाच आहे. जहाज, पुसलेला साठा, म्हातारी, लिहून घेणारी मुलगी. तिनं देवाला हात लावलेला नाही. यात कुणाची श्रद्धा दुखावते ते मला दाखवा.

आता तिसरं, आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठं भांडण: भाषा. लाल शाईनं पहिल्यांदा कापलं ते म्हातारीचं बोलणं.

‘स्मृतिस्थळ’ या ग्रंथात नागदेवाचार्यांची एक प्रसिद्ध आठवण आहे. चक्रधरांच्या मागे पंथ त्यांनी सांभाळला. त्यांचे काही शिष्य संस्कृतचे मोठे पंडित होते, आणि त्यांना तत्त्वज्ञान संस्कृतात आणायची हौस होती. नागदेवांनी त्यांना अडवलं. कारण दिलं ते असं, की तसं केलं तर माझ्या म्हाताऱ्या लुबाडल्या जातील. पंथातल्या साध्या, न शिकलेल्या म्हाताऱ्या बायकांच्या वाट्याचं ज्ञान त्यांच्याकडून काढून घेतलं जाईल. मराठी भाषेबद्दल घेतलेला मला माहीत असलेला हा सगळ्यात मोठा निर्णय आहे, आणि तो अस्मितेपोटी घेतलेला नाही. ‘या निर्णयानं कोण बाहेर पडेल?’ एवढाच हिशोब त्यामागे आहे. ‘समावेशक’ या जड शब्दाचं यापेक्षा साधं भाषांतर मला सापडलेलं नाही.

तोच हिशोब आज मांडा. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ वऱ्हाडात तयार झाला. आज वऱ्हाडी बोली सिनेमात कुठं येते? हसवायला. नोकर, हवालदार, येडा मित्र. आमची पोरं पुण्याला कॉलेजात जातात आणि पहिल्या महिन्यात ‘काहून’चं ‘का’ करतात. मीही केलं. मुलाखतीत ‘करून राहिलो’ तोंडातून गेलं तेव्हा समोरचा हसला होता, ते मला अजून आठवतं. उद्धव शेळक्यांनी १९६० साली ‘धग’मध्ये दाखवून दिलं की या बोलीत अख्खं दुःख मावतं. मग त्यात अंतराळयान का मावणार नाही? “ऑक्सिजन संपून राहिला, बापा” हे वाक्य ‘ऑक्सिजन संपत आहे’पेक्षा कमी वैज्ञानिक आहे का?

इथं मराठी विज्ञानकथेशी थोडं बोलायचं आहे, आणि तेही आदरानं. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत १९७४ साली जयंत नारळीकरांनी आपली आद्याक्षरं उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं कथा पाठवली, तिथून आपल्याकडे या प्रकाराला प्रतिष्ठा आली. ‘यक्षांची देणगी’, ‘वामन परत न आला’ ही नावं बघा. पुराणातली प्रतिमा उचलून यंत्रयुगात ठेवायला नारळीकर बिचकले नाहीत, आणि त्याबद्दल कुणी त्यांना खूळ म्हटलं नाही. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हातात दिला, आणि फुरसुंगीच्या एका किडमिडीत पोराला फास्टर फेणे केलं. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१पासून निघतंय. वारसा आहे. पण या वारशाचा मोठा भाग विज्ञान समजावून सांगण्याच्या कामाला जुंपला गेला. कथेत एक शास्त्रज्ञ, बहुधा पुरुष, बहुधा मुंबई-पुण्याचा किंवा अमेरिकेतला, आणि त्याला प्रश्न विचारणारा कुणी तरी. मी लहानपणी अशा कथा डोळे फुटेस्तोवर वाचल्या. त्यांनी मला इंजिनिअर केलं, हे मान्य. पण त्यांतला एकही माणूस माझ्या आजीसारखं बोलत नव्हता. भविष्यकाळात माझी आजी नाही, हे मी तेव्हाच न सांगता शिकलो होतो.

म्हणून ‘पोरांना मनोरंजन हवं, त्यात हे ओझं कशाला’ असं म्हणणाऱ्यांना उत्तर: ओझं तर आधीच दिलेलं आहे. ज्या मुलीनं भविष्यातली एकही कथा आपल्या बोलीत, आपल्या शरीरासकट, आपल्या वस्तीसकट वाचलेली नाही, तिला ते वजन रोज जाणवतं. तिनं इंग्रजी कादंबरीत अंतराळातली मुलगी-आर्थर वाचली आणि तिला वाटलं, मग महदाइसा का नाही? हे अनुकरण नाही. परक्याच्या अंगणात दिवा बघून स्वतःच्या माळ्यावरची समई उतरवणं आहे. तिला आपण माळ्यावर चढू दिलं आणि मग समई हातातून काढून घेतली, ‘अनुरूप नाही’ म्हणून.

शाळेतल्या बाईंवर माझा राग नाही. अंक मुख्याध्यापकांकडे जाणार, पालक बघणार, कुणी तरी फोन करणार, हे त्यांना ठाऊक. आणि खरं सांगायचं तर ते कापलेलं पान भाचीनं मला दाखवलं तेव्हा मीसुद्धा घसा खाकरून विषय बदलला होता. मामानं भाचीशी पाळीवर बोलायचं, हे आमच्या घरात झालेलं नाही. तीच म्हणाली, “मामा, तूच तं वाचून दाखवलं होतं.”

आता २०२४पासून रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालंय. तिथं चर्चासत्रं होतील, प्रबंध होतील, व्हायलाच हवेत. माझी मागणी लहान आहे. त्या विद्यापीठानं दरवर्षी एक किशोर कादंबरी मागवावी, रिद्धपूरच्या कुठल्याही कथेवर, कुठल्याही काळात घडणारी, मराठीच्या कुठल्याही बोलीत. तपासणाऱ्यांत दोन परीक्षक सोळा वर्षांखालचे असावेत. एक महानुभाव आजी असावी. आणि बोलीला ‘शुद्ध’ करण्याचा अधिकार कुणालाच नसावा. संपादकांनो, प्रकाशकांनो, तुम्हालाही सांगतो: वऱ्हाडी, अहिराणी, झाडीबोलीतली विज्ञानकथा आली तर ती ‘विनोदी’च्या गठ्ठ्यात टाकू नका.

भाचीचं हस्तलिखित सजून, दुरुस्त होऊन शाळेच्या काचेच्या कपाटात गेलं. मूळ वही तिच्याकडे आहे. दिवाळीत अकोल्याला गेलो तेव्हा ती पाहायला मागितली. लाल रेघांशेजारी तिनं पेन्सिलीनं जुना मजकूर बारीक अक्षरात पुन्हा लिहिला होता, आणि प्रत्येक ठिकाणी आधी दोन शब्द: ‘एकी वासना’.

“म्याडमनं वासना नाई ठेवली नं मामा,” ती म्हणाली, “डायरेक डिलीटच केलं. मी ठेवली. त्यायचंबी राहू दिलं, माह्यंबी.”

कथा आता आठ पानांची राहिलेली नाही, चाळीसच्या वर गेली आहे. कमळाइसा त्यात आली आहे. कुणाला छापायची असेल तर कळवा. अट एकच, एकही ‘काहून’ बदलायचा नाही.